गेलेल्याचा वाटा : ‘अ मॅन अँड अ वुमन’ पुन्हा पाहताना

काही चित्रपटांचे संगीत त्यांच्या आधी जगभर पोहोचते आणि मग चित्रपटाला त्या संगीताच्या सावलीतच राहावे लागते. क्लोद लेलूश यांचा 1966 सालचा ‘अँ नॉम ए उन फाम’ (म्हणजे ‘एक पुरुष आणि एक स्त्री’) हा त्यांपैकी एक. आपल्याकडे तो ‘अ मॅन अँड अ वुमन’ या इंग्रजी नावाने ओळखला जातो. फ्रान्सिस ले यांनी बांधलेली त्याची धून, तिच्यातले ते अर्थहीन ‘दाबादाबादा’ ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्याही कानांवरून कधी ना कधी गेलेले असते. धून गोड, म्हणून चित्रपटही गोडच असणार, असे आपण धरून चालतो. मीही तसेच धरून चालले होते.

विद्यार्थिदशेत एका फिल्म सोसायटीच्या खेळात मी तो प्रथम पाहिला. गोदार आणि ब्रेसाँ पाहून डोके जड करून घेण्याचे ते दिवस होते. समुद्रकिनारा, पाऊस, गाडीच्या काचेवर फिरणारे वायपर, देखणी स्त्री, देखणा पुरुष आणि वर ती धून. ‘उत्तम जाहिरात’ एवढाच शेरा मी वहीत लिहिल्याचे आठवते. त्या शेऱ्यात माझे स्वतःचे फारसे काही नव्हते. चित्रपट प्रथम प्रदर्शित झाला तेव्हा फ्रान्समधल्या अनेक समीक्षकांनीही असेच नाक मुरडले होते.

जून 2024 मध्ये या चित्रपटाची नायिका अनुक एमे गेल्या. त्या आठवड्यात मी तो पुन्हा लावला. या वेळी शेजारी माझी मावशी बसली होती. ती ऐंशी ओलांडलेली आहे, सबटायटल्स वाचताना तिचे डोळे दुखतात, म्हणून मी संवाद मराठीत सांगत होते. अर्धा चित्रपट ती काही बोलली नाही. मग नायिकेच्या दिवंगत नवऱ्याच्या आठवणी पडद्यावर चालू असताना तिने विचारले, “हिचा नवरा कधी चिडतच नव्हता का गं?”

मी हसले आणि नंतर बरेच दिवस त्या प्रश्नावर अडून राहिले. चित्रपटावर आजवर जे वाचले त्यात हा प्रश्न मला भेटला नव्हता; आणि चित्रपटाची किल्ली मात्र त्यातच आहे, असे मला आता वाटते. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

1. किनाऱ्यावरची एक सकाळ

चित्रपटाचा जन्म कसा झाला, हे लेलूश यांनी अनेकदा सांगितले आहे. सप्टेंबर 1965. ते तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. स्वतःची निर्मितिसंस्था, चार-सहा चित्रपटांची खटपट पाठीशी, आणि नुकताच पुरा केलेला चित्रपट घ्यायला वितरक तयार नाही. अशा मनःस्थितीत मन सैरभैर झाले की लेलूश गाडी काढून वाट फुटेल तिकडे जात. त्या रात्री ते पॅरिसहून निघाले आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील दोव्हील या गावी रस्ता संपला म्हणून थांबले. हे अंतर सुमारे दोनशे किलोमीटरांचे. गाडीतच झोपले. पहाटे जाग आली तेव्हा दूर, ओहोटीच्या ओल्या वाळूवर एक स्त्री चालताना दिसली. बरोबर एक मूल आणि एक कुत्रा. इतक्या सकाळी ही बाई मुलाला घेऊन इथे काय करते आहे? या प्रश्नाच्या मागे जाता जाता त्यांना कथा सापडली.

पुढच्या काही महिन्यांत पटकथा झाली (सहलेखक पिएर उईतेरहोव्हेन) आणि तीनेक आठवड्यांत चित्रीकरण उरकले. माणसे मोजकी होती. कॅमेरा बऱ्याचदा लेलूश यांच्याच खांद्यावर असे. त्याआधी त्यांनी ‘स्कोपितोन’ केले होते. कॅफेमध्ये नाणे टाकले की पडद्यावर गाणे दाखवणारी यंत्रे तेव्हा फ्रान्समध्ये होती. त्यांच्यासाठी बनवलेले हे छोटे गीतपट. हा तपशील महत्त्वाचा आहे. गाणे आधी आणि दृश्य नंतर, ही शिस्त त्यांच्या हातात तिथूनच आली. याही चित्रपटाचे संगीत चित्रीकरणापूर्वीच ध्वनिमुद्रित झाले होते आणि नटांना ते सेटवर ऐकवले जात असे.

1966 च्या कान महोत्सवात चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, इटलीच्या पिएत्रो जेर्मी यांच्या चित्रपटाबरोबर विभागून. पुढल्या वर्षी सर्वोत्कृष्ट परभाषी चित्रपट आणि सर्वोत्कृष्ट मूळ पटकथा ही दोन ऑस्कर मिळाली. दिग्दर्शक आणि नायिका यांनाही नामांकने होती. वितरक न मिळालेला तरुण वर्षभरात जगप्रसिद्ध झाला. यशाची ही कथा इतकी चटकदार आहे, की चित्रपट नेमका कशाविषयी आहे हे तिच्या गडबडीत बाजूला राहते.

2. दोन रविवार, दोन मृत माणसे

कथा मोजक्या शब्दांत सांगता येते. आन गोतिए (अनुक एमे) ही पॅरिसमध्ये राहणारी विधवा. तिची मुलगी फ्राँस्वाज दोव्हीलच्या निवासी शाळेत आहे. जाँ-लुई द्युरोक (जाँ-लुई त्रँतिन्याँ) हा मोटारशर्यतीतला चालक, विधुर. त्याचा मुलगा आंत्वान त्याच शाळेत. दोघेही दर रविवारी मुलांना भेटायला येतात. एका रविवारी आनची पॅरिसची गाडी चुकते. शाळेच्या मुख्याध्यापिका जाँ-लुईला सुचवतात, यांना तुमच्या मोटारीतून न्याल का?

पावसातल्या त्या प्रवासात आन आपल्या नवऱ्याविषयी बोलते. पिएर (पिएर बारू) हा चित्रपटांत धोक्याची कामे करणारा स्टंटमन. हरहुन्नरी, गाणारा, ब्राझीलला जाऊन सांबाच्या प्रेमात पडून आलेला. आन इतक्या भरभरून बोलते, की जाँ-लुईला आणि आपल्यालाही वाटते, हा माणूस घरी तिची वाट पाहत असेल. तो हयात नाही, एका चित्रीकरणातल्या स्फोटात गेला, हे प्रवास संपता संपता कळते. दुसऱ्या एका रविवारी जाँ-लुईची हकिगत समजते. ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याला भीषण अपघात झाला. तो वाचणार नाही अशा समजुतीने त्याची पत्नी व्हॅलेरी खचली आणि तिने आत्महत्या केली. तो वाचला.

आजच्या प्रेक्षकाला हे अतिरंजित वाटेल. पण 1966 च्या फ्रेंच प्रेक्षकाला ल माँ म्हटले की काय आठवत असेल, हे ध्यानात घ्यायला हवे. 1955 च्या शर्यतीत एक मोटार उडून प्रेक्षकांत शिरली आणि ऐंशीहून अधिक माणसे मेली. मोटारशर्यतीच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा अपघात. त्रँतिन्याँ यांच्या तर घरातच ही गोष्ट होती. त्यांचे एक काका, मॉरिस, 1954 ची ल माँ शर्यत जिंकलेले. दुसरे काका, लुई, 1933 मध्ये सराव करताना मरण पावलेले. पडद्यावर स्टिअरिंग धरून बसलेल्या या अबोल माणसाच्या चेहऱ्यावर जो एक सहजपणा आहे, तो ज्या घरात विजय आणि मृत्यू दोन्ही जेवणाच्या टेबलावर बोलले गेले असतील अशा घरातला आहे, असे मला नेहमी वाटते.

म्हणजे आनचा नवरा धोक्याच्या धंद्यात गेला, आणि आता तिला जो आवडू लागला आहे तोही धोक्याच्याच धंद्यातला. ही योजना साधी दिसते, पण तिचा परिणाम पुढे तारेच्या प्रसंगात दिसतो.

3. रंग कोणाच्या वाट्याला?

या चित्रपटाविषयी सर्वांत जास्त बोलले जाते ते त्याच्या रंगांविषयी. काही दृश्ये पूर्ण रंगीत, काही कृष्णधवल, काही नुसत्या तपकिरी किंवा निळसर छटेत. यामागचे कारण रुक्ष आहे. लेलूश यांच्याजवळ पैसे नव्हते. कृष्णधवल चित्रपटच करायचा होता. रंगीत केला तर जास्त पैसे मिळतील असे दिसले, पण सगळा रंगीत करण्याइतके ते नव्हते. तेव्हा बाहेरची दृश्ये बहुतेक रंगीत आणि आतली बहुतेक कृष्णधवल, असा तोडगा निघाला.

हे कळल्यावर अनेक जण रंगांचा विचार करणे सोडून देतात. पैशांचा हिशेब होता, अर्थ शोधू नका! मला हे पटत नाही. ओवी जात्यावर बसून म्हटली जाई, म्हणून तिच्या लयीला अर्थ नाही असे आपण म्हणत नाही. अडचणीतून आलेला नियम कलाकृतीत शिरला की तो तिच्या मालकीचा होतो. त्याने तिथे काय केले, एवढेच पाहायचे.

काय केले ते पाहा. पिएरच्या आठवणी भरघोस रंगांत येतात. त्याचे गाणे, त्याचे घोडे, त्याचे हसणे. आनचे आजचे आयुष्य मात्र बरेचसे एका छटेचे आहे. सर्वसाधारण चित्रपटात भूतकाळ फिका आणि वर्तमान रंगीत असतो. आठवण म्हणजे काहीतरी विरत गेलेले, असा त्यामागचा संकेत. इथे तो उलटला आहे. मेलेला माणूस रंगीत आहे आणि जिवंत माणसे रंगाविना.

दुःखाचा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना हे खोटे वाटणार नाही. माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो फिका होत जात नाही, अधिकाधिक उजळ होत जातो. त्याच्यातले सामान्य, कंटाळवाणे, त्रासदायक असे सगळे गळून पडते आणि उरतो तो एक उत्सव. पिएर कधीही दमून घरी येत नाही. पैशांवरून कुरकुरत नाही. बायकोशी भांडत नाही. मावशीचा प्रश्न इथे अगदी चपखल बसतो. पिएर चिडत नाही, कारण तो पिएर नाहीच. आनच्या मनाने कापून, जोडून, वर गाणे चढवून तयार केलेला तो एक गीतपट आहे. ‘स्कोपितोन’ करणाऱ्या दिग्दर्शकाची हातोटी इथे कामी आली आहे. चित्रपटातला जो भाग ‘जाहिरातीसारखा’ म्हणून हिणवला गेला, तो जाहिरातीसारखा आहे हे खरेच. ती जाहिरात दिवंगत माणसाची आहे आणि ती नायिकेच्या डोक्यात चालू आहे, एवढेच मला पूर्वी दिसले नव्हते.

4. कंटिन्युइटी

आनचा व्यवसाय काय? ती चित्रपटांच्या सेटवर ‘स्क्रिप्ट गर्ल’ आहे. कंटिन्युइटी सांभाळणे हे तिचे काम. आधीच्या शॉटमध्ये नटाच्या कोटाचे वरचे बटण उघडे होते की लावलेले, पेला अर्धा होता की भरलेला, केस कोणत्या बाजूला होते, हे सगळे टिपून ठेवायचे, म्हणजे दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन तुकडे जोडले तरी मध्ये काही घडलेच नाही असे वाटेल.

पटकथेत हा व्यवसाय बहुधा सोयीसाठी आला असेल. स्टंटमन नवरा आणि ती सेटवर भेटावीत म्हणून. पण ज्या बाईचे पोट ‘मध्ये खंड पडला असे दिसू नये’ या कामावर चालते, तिच्याच आयुष्यात एका स्फोटाने खंड पडतो. ती त्याच सवयीने तो बुजवत राहते. नवऱ्याविषयी बोलताना जाँ-लुईला तो जिवंत वाटतो याचे कारण हेच. ती खोटे बोलत नाही, लपवतही नाही. तिच्या नोंदवहीत अजून तसा बदल झालेला नाही, इतकेच.

5. मनाई कोण करते?

मराठी वाचक म्हणून या चित्रपटाकडे पाहताना मला एक गोष्ट फार वेगळी वाटली, आणि ती सांगण्यासाठी थोडे घरी यावे लागेल. जोडीदार गेल्यानंतरच्या दुसऱ्या नात्याचा विचार आपण एकोणिसाव्या शतकापासून करत आलो आहोत. 1856 चा विधवाविवाहाचा कायदा, हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’, आणि 1893 मध्ये विधुर धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी पुण्यात केलेला विवाह. त्या विवाहानंतर कर्व्यांच्या गावाने त्यांना वाळीत टाकले. या साऱ्या वादाचा मुख्य रोख एकाच प्रश्नावर होता. समाज परवानगी देईल का? शास्त्र काय सांगते, कायदा काय म्हणतो, गाव काय करील? तो प्रश्न जीवनमरणाचा होता, आणि तो त्या पिढीने लढवला हे आपल्यावरचे उपकार आहेत.

पण त्या लढ्याची एक सवय आपल्याला लागली. एखाद्या विधवेने पुन्हा लग्न केले नाही, की आपण कारण बाहेर शोधतो. लोकांना घाबरली, मुलांसाठी थांबली. माझी मावशी एकतिसाव्या वर्षी विधवा झाली. दोन वर्षांनी तिला एक चांगले स्थळ आले होते. विधुर, नोकरीतला, एक मुलगी असलेला. आश्चर्य म्हणजे आजोबांसह घरातले सगळे राजी होते. मावशी नाही म्हणाली. “लोकांच्या बोलण्याला भ्यायली,” हे त्याचे स्पष्टीकरण आमच्या घरात इतक्या वेळा सांगितले गेले, की ते तिलाही कुणी विचारले नाही.

‘अ मॅन अँड अ वुमन’मध्ये बाहेरची मनाई औषधालाही नाही. सासू नाही, गाव नाही, धर्मगुरू नाही. मुख्याध्यापिका तर आपण होऊन दोघांना एका मोटारीत बसवतात. मुलांची एकमेकांशी गट्टी आहे. दोघे तरुण आहेत, कमावते आहेत. किनाऱ्यावरच्या हॉटेलात मुलांना घेऊन जेवायला बसतात तेव्हा कोणालाही एक सुखी कुटुंबच वाटावे. आणि तरीही जमत नाही. बाहेरचे सगळे अडथळे दिग्दर्शकाने काढून टाकले आहेत, जणू प्रयोगशाळेत काढावेत तसे, आणि मग विचारले आहे, आता कोण अडवते? उत्तर असे, की जो गेला तो. त्याचा वाटा अजून वेगळा काढलेला नाही.

6. तार, खोली, फलाट

चित्रपटाच्या उत्तरार्धात तीन प्रसंग आहेत, आणि ते तिन्ही याच एका गोष्टीभोवती फिरतात.

पहिला तारेचा. जाँ-लुई माँते कार्लो रॅलीत भाग घेतो. बर्फ, वळणे, रात्रंदिवस गाडी. आन पॅरिसमध्ये बातम्यांकडे कान लावून आहे. रॅली संपते, तो सुखरूप पोहोचतो, आणि समारंभातल्या टेबलावर त्याच्या हाती तार पडते. आधी अभिनंदनाचा एक शब्द, मग ‘मी तुमच्यावर प्रेम करते’, मग नाव. तारेतला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी ‘शाबास’, मग प्रेम. तो जिवंत आहे याची खात्री झाल्यावरच ती हे वाक्य लिहू शकते. धोक्याच्या धंद्यातला एक माणूस तिने गमावला आहे; दुसरा धोक्यातून परत आल्याशिवाय ती तोंड उघडत नाही. आणि तोंड उघडते तेही तारेने, समोरासमोर नव्हे. तारेत शब्दागणिक पैसे मोजावे लागतात, म्हणून माणूस थोडक्यात बोलतो. आनला तेवढेच झेपते.

तार वाचून तो तसाच गाडीत बसतो. माँते कार्लो ते पॅरिस, नऊशे किलोमीटरांहून अधिक, रात्रभर. वाटेत तो मनाशी घोकत राहतो, पहाटे तिच्या दारात उभा राहून काय म्हणायचे, कसे म्हणायचे. जगज्जेत्याचा आव नाही. परीक्षेला निघालेल्या मुलासारखी धाकधूक आहे. पॅरिसच्या घरी ती नसते, म्हणून तो पुढे दोव्हीलला जातो. किनाऱ्यावर ती मुलांबरोबर फिरते आहे. गाडीचे दिवे उघडमीट होतात, ती वळते, दोघे धावतात, कॅमेरा त्यांच्याभोवती फिरतो. चित्रपटाचे जे दृश्य भित्तिपत्रकांवर गेले, 2025 मध्ये कान महोत्सवाने जे आपल्या भित्तिपत्रकासाठी निवडले, ते हेच आलिंगन.

सामान्य प्रेमकथा इथे संपली असती. लेलूश इथे संपवत नाहीत, आणि याचे श्रेय त्यांना पुरेसे दिले गेलेले नाही. दुसरा प्रसंग हॉटेलच्या खोलीतला. दोघे शय्येवर आहेत. खोली एकरंगी आहे. कॅमेरा आनच्या चेहऱ्यावर बराच वेळ थांबतो, आणि त्या चेहऱ्याच्या मधेमधे पिएर येऊ लागतो, रंगांत. एका क्षणी अनुक एमे यांचे डोळे उघडे राहतात, कुठेच न पाहता. वेगळे काही करत नाहीत त्या. तो विचारतो, काय झाले? ती म्हणते, माझा नवरा. पण तो तर गेला ना? यावर ती जे सांगते त्याचा मथितार्थ असा, की तुमच्यासाठी गेला असेल. पैशांअभावी आलेला रंगांचा तो नियम या दृश्यात चित्रपटातले सर्वांत निर्दय विधान होतो. जिवंत माणूस मिठीत असून त्याला रंग नाही.

या प्रसंगाआधी जेवणाच्या टेबलावरचा एक गंमतीचा क्षण आहे. दोघे इतके थोडे मागवतात, की वेटर नाराज दिसतो. त्याला खूश करायला काय करावे? आणखी काहीतरी मागवावे. जाँ-लुई त्याला परत बोलावतो आणि विचारतो, तुमच्याकडे खोली आहे का? आपण हसतो, आनही हसते. खोलीत गेल्यावर कळते, की ते हसू किती वरवरचे होते. विनोदाने दार उघडता येते, आत काय आहे ते बदलता येत नाही.

तिसरा प्रसंग फलाटाचा. आन म्हणते, मी रेल्वेने जाते. पहिल्या रविवारी तिची गाडी चुकली म्हणून ती त्याच्या मोटारीत बसली होती. आता मोटार हजर असून ती रेल्वे पत्करते. तो तिला स्टेशनवर सोडतो, एकटा निघतो, आणि वाटेत काहीतरी ठरवून वेग वाढवतो. पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनवर ती उतरते तेव्हा तो फलाटावर उभा असतो. हे दृश्य घेताना त्रँतिन्याँ समोर असणार हे एमे यांना सांगितलेच नव्हते, असे सांगतात. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटते, मग ती त्याच्या मिठीत शिरते, चित्र गोठते, चित्रपट संपतो.

हा शेवट सुखान्त मानला जातो. माझ्या मते तो फक्त उघडा ठेवलेला आहे. तासाभरापूर्वी जे अडले होते ते सुटल्याची एकही खूण दिग्दर्शक देत नाही. मिठी आहे, उत्तर नाही. चित्र गोठवल्यामुळे पुढच्या क्षणी तिचे डोळे पुन्हा तसेच रिकामे होतात की नाही, हे आपल्याला कळत नाही. जाँ-लुईने मात्र एक केले आहे. तो रागावून निघून गेला नाही. मेलेल्या माणसाशी स्पर्धा जिंकता येत नाही हे या शर्यतबाजाला उमगले, आणि तो फक्त वेळेवर येऊन उभा राहिला.

7. दुसरी मृत व्यक्ती

इतके सांगितल्यावर चित्रपटाचा दोष न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. दोष आहे, आणि तो लहान नाही. या कथेत दोन माणसे मेलेली आहेत. पिएरला गाणी मिळाली, रंग मिळाले, ब्राझील मिळाले. व्हॅलेरीला काय मिळाले? इस्पितळ, घबराट, मृत्यू. ती कशावर हसत असे, मुलाला काय सांगत असे, हे आपल्याला जवळजवळ कळत नाही. जाँ-लुईच्या हकिगतीत ती एका अपघाताचा परिणाम म्हणून येते.

याहून विचित्र हे, की आपल्यामुळे पत्नीने जीव दिला या जाणिवेचे ओझे जाँ-लुईच्या खांद्यावर दिसत नाही. आनच्या शय्येवर पिएर येतो. जाँ-लुईच्या शय्येवर व्हॅलेरी येत नाही. त्याच्या पॅरिसच्या घरी एक मैत्रीणही आहे, जिला तो सहज मागे टाकतो. आनला अडवणारे तिचे सुख आहे. जाँ-लुईला अडवायला अपराधभाव होता, पण चित्रपटाने तो बाजूला ठेवला. स्त्रीने शोक करावा आणि पुरुषाने गाडी चालवावी, ही जुनी वाटणी लेलूश यांनी न तपासता घेतली. बाहेरच्या सगळ्या रूढी काढून टाकणाऱ्या या प्रयोगात एक रूढी तशीच राहून गेली.

त्रँतिन्याँ यांचा संयत अभिनय हा दोष झाकतो. त्यांच्या गप्प बसण्यात आपण व्हॅलेरी भरून घेतो. पण ते नटाचे देणे आहे, पटकथेचे नव्हे.

8. त्रेपन्न वर्षांनंतर

लेलूश या दोघांकडे पुन्हा दोनदा वळले. 1986 चा ‘वीस वर्षे झालीसुद्धा’ अशा अर्थाच्या नावाचा भाग फसला. त्यात आन निर्माती झाली आहे आणि तिला स्वतःच्याच प्रेमकथेवर संगीतपट काढायचा आहे. कल्पना चांगली, पण तिच्यावर इतर कथानकांचा भार फार. 2019 चा ‘आयुष्यातली सर्वांत सुंदर वर्षे’ मात्र वेगळा आहे. तोच दिग्दर्शक, तीच दोघे, मुलांच्या भूमिकांत तीच, आता मोठी झालेली माणसे. त्रँतिन्याँ 88 वर्षांचे, एमे 87 वर्षांच्या.

जाँ-लुई वृद्धाश्रमात आहे. त्याची स्मृती जाऊ लागली आहे, पण एका स्त्रीची आठवण तो सारखी काढतो. मुलगा आनला शोधून काढतो, ती भेटायला येते. तो तिला ओळखत नाही. समोर बसलेल्या आनलाच तो आनविषयी सांगत राहतो. किती सुंदर होती, कशी केस मागे सारायची. 1966 मध्ये आन एका जिवंत पुरुषाला आपल्या मृत नवऱ्याविषयी असेच भरभरून सांगत होती. आता ती स्वतः दुसऱ्याच्या आठवणीतली उजळ, निर्दोष, कधीही न चिडणारी व्यक्ती झाली आहे. आणि ती जिवंत समोर बसली आहे. ती रागावत नाही. ऐकते. गोठलेल्या फलाटाचे उत्तर मला इथे मिळाले. गेलेल्याचा वाटा नाकारून प्रेम होत नाही. तो ऐकून घ्यावा लागतो, शेजारी बसून, आपली पाळी येईल या अपेक्षेशिवायही.

2016 मध्ये पिएर बारू गेले, 2018 मध्ये फ्रान्सिस ले, 2022 मध्ये त्रँतिन्याँ आणि 2024 मध्ये अनुक एमे. चित्रपटातल्या मृत नवऱ्याची भूमिका करणारे बारू आणि एमे यांनी 1966 मध्ये प्रत्यक्षात एकमेकांशी लग्न केले आणि तीन वर्षांनी ते विभक्त झाले, हेही इथे नोंदवायला हवे. पडद्यावर कधीही न चिडणारा नवरा प्रत्यक्षात नवरा झाला, आणि ते नाते टिकले नाही.

हे मी मावशीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग बरोबर आहे.” चित्रपट संपल्यावर त्या रात्री ती काहीच बोलली नव्हती. हे बोलणे दुसऱ्या दिवशी सकाळचे. चहा घेताना, मी काही विचारले नसताना तिने पुढे सांगितले, “तुझे काका फार चिडायचे. चहा जरा कोमट झाला की कप तसाच ठेवून उठायचे. मी मागे लागायची, पुन्हा गरम करून देते म्हणून.” मग थोडे थांबून, “पन्नास वर्षांत मी हे कुणाला सांगितलं नाही बघ.”

त्या स्थळाचे काय झाले, हे मी तेव्हाही विचारले नाही. तिचा चहा गार झाला होता. तो तिने तसाच पिऊन टाकला.